मुलाची मॅच आणि पालकांचं काम

क्रिकेटच्या खेळपट्टीवर एका पॉपिंग क्रीजपासून (फलंदाजाच्या रेषेपासून) दुसऱ्या क्रीजपर्यंतचं अंतर ५८ फूट, म्हणजे १७.६८ मीटर. पंधरा वर्षांचा बऱ्यापैकी वेगवान गोलंदाज ताशी १०० किलोमीटरने चेंडू टाकत असेल, तर तो फलंदाजापर्यंत यायला साधारण ०.६५ सेकंद लागतात. टप्पा कुठे पडणार याचा अंदाज फलंदाजाला सुरुवातीच्या क्षणांतच बांधावा लागतो, कारण उरलेला वेळ पाय हलवण्यात आणि बॅट खाली आणण्यात जातो. आता बाउंड्रीवर, साठेक मीटर लांब उभ्या असलेल्या बाबांचं बघू. चेंडू दिसणं, लेंथ कळणं, तोंड उघडणं, यात त्यांचाही तेवढाच वेळ जातो. "पुढे जा!" म्हणायला निदान पाव सेकंद. वर आवाजाला साठ मीटर कापायला ०.१७ सेकंद. सूचना खेळपट्टीवर पोहोचते तेव्हा चेंडू विकेटकीपरकडे गेलेला असतो.

मग ती सूचना लागू कुठे पडते? पुढच्या चेंडूला. मुलगा "पुढे जायचं" हे डोक्यात धरून उभा राहतो, आणि पुढचा चेंडू नेमका आखूड टप्प्याचा येतो.

शाळकरी सामन्यांत बाहेरून होणाऱ्या सूचनांची पहिली अडचण ही अशी निव्वळ वेळेची आहे. दुसरी अडचण लक्षाची. "कोपर वर", "डोकं स्थिर", "बॉटम हँड सैल" या सूचना नेटमध्ये योग्यच असतात. पण शेकडो वेळा करून अंगवळणी पडलेली हालचाल माणूस न विचार करता करतो, आणि तिच्या एका भागाकडे मुद्दाम लक्ष द्यायला लागला की ती बिघडते. गोल्फपटूंवर याचे नीट प्रयोग झाले आहेत. मुरलेल्या खेळाडूंना पट मारताना (म्हणजे चेंडू हलकेच खड्ड्याकडे ढकलताना) स्वतःच्या हाताच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यांची अचूकता घसरली. नवशिक्यांच्या बाबतीत उलट झालं, त्यांना त्या लक्षाचा उपयोग झाला. म्हणून तंत्राची दुरुस्ती शिकण्याच्या वेळी करायची, सामन्याच्या वेळी नाही. चांगले प्रशिक्षकसुद्धा मॅच चालू असताना तंत्राबद्दल बोलत नाहीत. ते बोलतात ते फार तर फील्ड कुठे आहे आणि किती षटकं उरली आहेत याबद्दल.

तिसरी अडचण मुलाच्या मनात दोन मालक तयार होण्याची. सरांनी सांगितलेलं असतं, पहिली दोन षटकं ऑफ स्टंपच्या बाहेरचे सोडायचे. बाबा बाहेरून म्हणतात, "अरे, मार की!" हे घडतंय का, हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रत्येक चेंडूनंतर मुलाचं हेल्मेट कोणत्या दिशेला वळतं ते पाहा. नॉन-स्ट्रायकरकडे किंवा फील्डकडे वळलं तर ठीक. दर वेळी तंबूकडे, नेमक्या एकाच माणसाकडे वळत असेल, तर तो मुलगा गोलंदाजाशी खेळत नाहीये, परीक्षा देतोय.

नुसतं बघत असण्यानंही खेळ बदलतो. १९८४ मध्ये अजित तेंडुलकर धाकट्या भावाला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेले, तेव्हाची गोष्ट मुंबई क्रिकेटमध्ये सगळ्यांना माहीत आहे. सरांची नजर आपल्यावर आहे या जाणिवेने सचिनचा नेहमीचा खेळ होईना. अजितनी सरांना विनंती केली की अजून एक संधी द्या, पण झाडाआड उभं राहून बघा. सरांनी ऐकलं, आणि मुलगा शिबिरात आला. या गोष्टीत सहसा सचिनचं कौतुक होतं. आमच्या मते कौतुक त्या मोठ्या भावाचं व्हायला हवं. बघणाऱ्याला बाजूला करणं हाच उपाय आहे, हे त्याला कळलं होतं.

म्हणून उभं कुठे राहायचं याचाही साधा नियम आहे. साइटस्क्रीनच्या आसपास किंवा गोलंदाजाच्या हातामागे मुळीच नाही. तिथली हालचाल फलंदाजाला सरळ दिसते आणि खेळ थांबवावा लागतो. संघाच्या तंबूतही नाही. स्क्वेअर लेग किंवा थर्ड मॅनच्या बाजूला, दोरीपासून चार-पाच मीटर मागे. आझाद मैदानावर शेजारशेजारच्या मॅचेसचे फील्डर एकमेकांत मिसळतात, तिथे तर पाठीमागून येणाऱ्या दुसऱ्या सामन्याच्या चेंडूचीही काळजी घ्यावी लागते.

पालक असे का वागतात

आरडाओरडा करणारा बाप हा वाईट बाप असतो असं नाही. ऑफिसात मृदू म्हणून ओळखली जाणारी माणसं मैदानाच्या कडेला वेगळीच होतात, आणि त्यामागे हिशेब असतो.

मुलगा डोंबिवलीला राहतो आणि नेट दादरला. पहाटेची लोकल, किटबॅग, सोबत आई किंवा बाबा. अकादमीची फी, पर्सनल कोचिंगची फी वेगळी. इंग्लिश विलोची बरी बॅट दहा हजारांच्या पुढे जाते आणि लेदर बॉलवर ती एक-दोन मोसम टिकली तरी नशीब. कुणी बढतीची बदली नाकारलेली असते, कुणाच्या आईने नोकरी सोडलेली असते. एवढं सगळं घालून बसलेल्या माणसाला मुलगा दुसऱ्या चेंडूवर यष्टीमागे झेल देऊन परतताना दिसतो, तेव्हा त्याला एक विकेट दिसत नाही, वर्षाचा खर्च दिसतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी कुटुंबांचा खेळावरचा खर्च आणि मुलांचा अनुभव ताडून पाहिला. उत्पन्नाचा जितका मोठा वाटा खेळावर जात होता, तितका मुलांना पालकांचा दबाव जास्त जाणवत होता आणि खेळातली मजा कमी होत होती. पालक तोंडाने काहीच बोलले नाहीत तरी मुलांना हिशेब कळतो.

याला उपाय पैसा कमी करणं हाच असेल असं नाही. वर्षाच्या सुरुवातीला, जून महिन्यात, एकदा रक्कम ठरवा. ती बुडाली तरी चालेल एवढीच ठेवा. आणि नंतर तिचा उल्लेख मुलासमोर करायचा नाही, विशेषतः सामन्याच्या दिवशी. "तुझ्यासाठी एवढं करतोय" हे वाक्य मुलाला प्रेरणा देत नाही, त्याला कर्जदार करतं.

दुसरं कारण म्हणजे शक्यतांचा चुकीचा अंदाज. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना आहेत. प्रत्येकीच्या सोळा वर्षांखालच्या संघात पंधरा-सोळा जागा धरल्या तर पूर्ण राज्यातून वर्षाला पन्नासच्या आतबाहेर मुलं. त्यातली काही मागच्या वर्षीचीच असतात, म्हणजे खऱ्या अर्थाने मोकळ्या जागा आणखी कमी. हा आकडा निराश करायला सांगत नाही. पण प्रत्येक रविवारी "हीच मॅच निर्णायक" असं घरात वातावरण असेल तर ते या गणिताशी जुळत नाही.

धावांच्या आकड्यांनीही फसगत होते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका शालेय सामन्यात सलामीच्या फलंदाजाने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेचा डाव ३ बाद १४६५ वर घोषित झाला. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे मुलाचा फॉर्म गेला आणि २०१७ मध्ये वडिलांनीच पत्र लिहून ती थांबवायला सांगितली. त्या पत्राबद्दल लोक तेव्हा हळहळले. आम्हाला ते पालकाने घेतलेलं शहाणपणाचं पाऊल वाटतं. मुलाच्या डोक्यावरचं एक ओझं त्यांनी उतरवलं. हल्ली क्रिकहिरोजसारख्या अ‍ॅपवर बारा वर्षांच्या मुलाचाही स्ट्राइक रेट दोन दशांश स्थळांपर्यंत दिसतो. समोरचा गोलंदाज कोण होता, बाउंड्री किती जवळ होती, खेळपट्टी मॅटिंगची होती की टर्फची, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. अ‍ॅप बघा, पण मुलाला वाचून दाखवू नका.

मैदानातून घरी येतानाची वेळ

मुलांना सगळ्यात नकोसा वाटतो तो सामन्यानंतरचा परतीचा प्रवास. स्कूटरवर मागे बसलेल्या, नाही तर लोकलमध्ये खिडकीशी अडकलेल्या मुलाला उठून जाता येत नाही. शरीर थकलेलं, साखर उतरलेली, आणि बाद झालेला चेंडू अजून डोळ्यांसमोर. अशा वेळी केलेलं विश्लेषण कितीही बरोबर असलं तरी त्यातलं फार थोडं आत जातं. लक्षात राहतो तो फक्त आवाजाचा सूर.

परतीच्या वाटेवर खेळाबद्दल पहिला शब्द मुलाने काढायचा. तो गप्प राहिला तर गप्प राहू द्या. पाणी, केळं, भेळ, जे काय चालत असेल ते द्या. अंघोळ आणि जेवण होईपर्यंत मॅच हा विषय बंद. त्याने विचारलंच, "बाबा, मी कसा खेळलो?" तर उलट विचारा, "तुला काय वाटलं?" आणि मग पूर्ण ऐका. तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल तर एकच गोष्ट सांगा, आणि ती त्याच्या हातातली असू द्या. "शेवटच्या दहा षटकांतसुद्धा तू फील्डिंगला धावत होतास" हे चालेल. "तो शॉट का मारलास?" हा प्रश्न चालणार नाही, कारण त्याचं खरं उत्तर मुलाला स्वतःलाही माहीत नसतं, तो तुम्हाला पटेल असं काहीतरी कारण बनवून सांगतो आणि कारणं बनवायची सवय लागते.

खोटं कौतुकही नको. शून्यावर बाद झालेल्या मुलाला "मस्त खेळलास" म्हटलं तर पुढच्या वेळी शतक केल्यावरच्या शाबासकीची किंमत जाते. "अंपायरने ढापला" हे तर त्याहून वाईट. एलबीडब्ल्यूचा निर्णय अंपायर खेळपट्टीच्या रेषेत उभा राहून देतो. स्क्वेअर लेगला उभ्या असलेल्या माणसाला चेंडूची रेषा दिसतच नाही. आपल्याला न दिसलेल्या गोष्टीवर आपण मुलाला ठाम मत देतो, आणि त्याचं पॅड लेग स्टंपवर का जातंय हे शोधायची त्याची गरजच संपते.

बक्षिसांचं काय? "चौकाराला पन्नास रुपये, षटकाराला शंभर" ही पद्धत बऱ्याच घरांत आहे. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग यासाठी उपयोगी आहे. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. ते मिळालं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात याच मुलांनी बाकीच्यांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास वेळ चित्रांना दिला. ज्यांना बक्षीस अचानक, न सांगता मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. तेव्हा सामन्यानंतर आइस्क्रीम खायला जा, खुशाल जा; पण दोन रन काढले म्हणून नाही, आणि शून्यावर आऊट झाला म्हणून बेत रद्द करूनही नाही. चौकाराचे पैसे लावले की एक-दोन धावा पळून काढण्यात मुलाला रस राहत नाही, हा शुद्ध क्रिकेटचा तोटा वेगळाच.

मोठ्यांची प्रतिक्रिया किती खोल जाते याचा एक जुना आकडा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्मॉल आणि स्मिथ या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने लहान मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना थोडक्यात प्रशिक्षण दिलं: चुकल्यावर धीर द्या, प्रयत्नाचं कौतुक करा, टोमणे बंद. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अशा प्रशिक्षकांकडच्या मुलांपैकी ५ टक्के मुलं पुढच्या वर्षी परतली नाहीत. बाकीच्या प्रशिक्षकांकडे हेच प्रमाण २६ टक्के होतं. सामने जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता.

जे काम पालकांशिवाय कुणी करू शकत नाही

इथे थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ओरडण्यात गेलेली सगळी शक्ती खरं तर इथे लागायला हवी.

पहिलं काम मोजणीचं. मुंबई-पुण्यात गंभीरपणे खेळणारा मुलगा सकाळी अकादमीत, दुपारी शाळेच्या नेटमध्ये आणि संध्याकाळी पर्सनल कोचकडे जातो. तिन्ही ठिकाणचे सर आपापल्या पुरतं बघतात. दिवसभरात त्याने एकूण किती चेंडू टाकले, हे कुणालाच माहीत नसतं. घरी बाबांना गोलंदाजी करत असेल तर ते चेंडू आणखी वर. एक वही करा आणि टाकलेले सगळे चेंडू लिहा, नेटमधलेसुद्धा. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षं वापरलेल्या मर्यादा मोजपट्टी म्हणून चांगल्या आहेत: १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाने एका स्पेलमध्ये (सलग हप्त्यात) ५ आणि दिवसात १० षटकं, १४ आणि १५ खालच्यांनी ६ आणि १२, १६ आणि १७ खालच्यांनी ७ आणि १८. आपल्याकडे मैदानी सामन्यात एकाच बाजूने दहा-बारा षटकं टाकणारा चौदा वर्षांचा मुलगा सर्रास दिसतो, आणि बाहेर त्याचे वडील अभिमानाने सांगत असतात की याला थकवा माहीतच नाही.

मर्यादा मोडली तर बिघडतं ते कमरेचं हाड. गोलंदाजी करताना पाठ एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि पिळली जाते. वाढीच्या वयात मणक्याचा मागचा पातळ भाग अजून पक्का झालेला नसतो. तिथे हळूहळू बारीक तडा जातो. खूण अशी की कमरेच्या एका बाजूला, उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बहुधा डाव्या बाजूला, दुखतं, आणि उभं राहून मागे वाकल्यावर जास्त दुखतं. स्प्रे मारून किंवा गोळी देऊन खेळवू नका. गोलंदाजी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा; साध्या एक्स-रेत हा तडा सुरुवातीला दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो. वेळेत कळलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीने बहुतेक मुलं परत येतात.

दुसरं काम उंची मोजण्याचं. दर तीन महिन्यांनी, सकाळी, भिंतीला पाठ लावून, पेन्सिलीची खूण. मुलींची उंची साधारण साडेअकरा ते बारा आणि मुलांची साडेतेरा ते चौदाच्या सुमारास सगळ्यात वेगाने वाढते. मुलांत तो वेग वर्षाला ९-१० सेंटीमीटरपर्यंत जातो. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरच्या वर वाढ दिसली तर सरांना सांगा. या काळात हातपाय लांब होतात आणि जुना ताळमेळ जातो. कालपर्यंत सहज बसणारा कव्हर ड्राइव्ह उडायला लागतो, लेगस्पिन सुटायला लागतो. घरात म्हटलं जातं, "हल्ली याचं लक्षच नाही." लक्ष असतं, फक्त शरीर नवीन असतं. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखणंही याच वयात होतं. सहा-आठ महिने सराव हलका ठेवणं आणि निकालांकडे दुर्लक्ष करणं हा उपाय.

वाढीवरून आणखी एक गोष्ट. बीसीसीआयच्या वयोगटांसाठी १ सप्टेंबर ही तारीख धरली जाते. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला एकाच गटात खेळतात आणि त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. तेरा वर्षांच्या वयात हे अंतर अर्ध्या फुटाचं दिसू शकतं. कॅनडातल्या आइस हॉकीचे खेळाडू कोणत्या महिन्यांत जन्मले हे १९८५ मध्ये तपासलं गेलं, तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आढळली. तिकडे १ जानेवारी ही तारीख होती. तेव्हा जुलै-ऑगस्टच्या मुलाला चौदाखालच्या संघात जागा मिळाली नाही, तर "कमी पडतोय" असा निष्कर्ष काढायची घाई नको.

इथेच काही पालक भलता मार्ग धरतात: जन्मतारीख वर्षभराने पुढची लावणं, नाही तर मुलाला एक इयत्ता मागे ठेवणं. बीसीसीआय सोळाखालच्या मुलांत डाव्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू३ पद्धतीने हाडांचं वय ठरवते. २०२० मध्ये मंडळाने जाहीर केलं की खोटं वय स्वतःहून कबूल करणाऱ्याला निलंबन नाही, पण नंतर सापडला तर दोन वर्षांची बंदी. बंदी मुलावर येते, दाखला आणणाऱ्या बापावर नाही. आणि सापडला नाही तरी नुकसान ठरलेलं आहे. स्वतःपेक्षा लहान मुलांना ताकदीवर हरवत आलेल्या खेळाडूने तंत्र शिकलेलंच नसतं, आणि एकोणिसाखालच्या गटात ते उघडं पडतं.

झोपेचं गणित फार जण करत नाहीत. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास लागतात, त्याहून लहान शाळकरी मुलांना नऊ ते बारा. पहाटे साडेचारला उठवायचं असेल तर बारा वर्षांच्या मुलाने साडेसातला झोपायला हवं. होत नसेल तर आठवड्यातल्या दोन सकाळच्या नेट कमी करा. झोपेविना केलेला सराव शरीराला पचत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांत, मुख्य खेळापासून सुट्टी असा आहे. जुलैच्या पावसात मैदानं बंद असतात तेव्हा इनडोअर नेट शोधत फिरण्याऐवजी तो महिना फुटबॉल किंवा पोहण्याला द्या.

बॅट मापाची घ्या. "वाढतं अंग आहे, मोठीच घेऊ" हा शाळेच्या बुटांचा नियम इथे महागात पडतो. साडेचार ते पावणेपाच फूट उंचीला चार नंबर, पाच फुटांच्या थोडं वर सहा नंबर हे साधारण माप. दुकानात पॅड घालून स्टान्स घ्यायला लावा आणि वरच्या एकट्या हाताने बॅट उचलता येते का बघा. नाही आली तर ती जड आहे. जड बॅट उचलायला खालचा हात जोर लावतो, बॅट आडवी येते, आणि मग बाहेरून तेच बाबा ओरडतात, "सरळ बॅट!"

औषधांबद्दल एकच वाक्य: २०१९ मध्ये पृथ्वी शॉला आठ महिने निलंबित केलं गेलं ते खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटॅलिनमुळे, तेव्हा राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलाला मेडिकलमधून आणलेलं सिरप देण्यापूर्वी डॉक्टरांना तो स्पर्धात्मक खेळाडू असल्याचं सांगा.

सरांशी बोलणं

"सर, ह्याला वन डाऊन (तिसऱ्या क्रमांकावर) पाठवा ना" हे वाक्य टॉसच्या वेळी ऐकलं नाही असा मुंबईत एकही कोच नसेल. बॅटिंगचा क्रम, गोलंदाजीची षटकं आणि अकरात जागा हे तीन विषय मैदानावर काढायचे नाहीत. रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी वेळ मागा, आणि प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर कामाचं असेल: "पुढच्या दोन महिन्यांत त्याने कशावर मेहनत घ्यावी?" दुसऱ्या मुलाचं नाव काढलंत की संवाद संपला असं समजा.

अकादमीनेही आपलं काम करायला हवं. मोसमाच्या सुरुवातीला अर्ध्या तासाची पालकसभा, एका कागदावर नियम, खाली पालकांची सही. बसायची जागा कोणती, अंपायरशी कोण बोलणार (फक्त कोच), तक्रार कुणाकडे, आणि नियम मोडला तर काय. हे शेवटचं लिहिलेलं नसेल तर बाकीचा कागद फुकट जातो. पहिल्या वेळी बाजूला घेऊन समज, दुसऱ्या वेळी पुढच्या सामन्याला पालकांनी यायचं नाही, असा ठरलेला क्रम असला की कोचला दर वेळी नवीन भांडण करावं लागत नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा गडबड करणारे पालकच स्पॉन्सर असतात. तिथे नियम पहिल्यांदा लावून दाखवावा लागतो. ओरडणाऱ्या माणसाला काम देणं हा जुना आणि हमखास उपाय. स्कोअरिंग करणारा माणूस ओरडू शकत नाही, प्रत्येक चेंडू लिहायचा असतो.

इतर देशांनी वेगवेगळे उपाय करून पाहिले. १९९९ मध्ये अमेरिकेत उत्तर ओहायोतल्या मुलींच्या फुटबॉल लीगने एक रविवार पालकांना पूर्ण गप्प बसवलं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ पासून मुलांच्या सामन्यांत प्रेक्षकांसाठी वेगळी रेषा आखायला सुरुवात केली. नॉर्वेत लहान मुलांच्या स्पर्धांचे निकालतक्तेच ठेवत नाहीत. आपल्याकडे हे जसंच्या तसं येणार नाही, कारण दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. प्रमाणपत्राला एवढी किंमत आहे तोवर निकालाचं वेड राहणार.

सरांवर विश्वास ठेवा म्हणजे डोळे मिटा असा अर्थ नाही. कोच एकट्या मुलाला खोलीवर बोलावतो, रात्री उशिरा खासगी मेसेज पाठवतो, "घरी सांगू नको" म्हणतो, मारतो, तर गप्प बसू नका. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. "सिलेक्शन जाईल" या भीतीनेच अशी प्रकरणं दाबली जातात.

मुलींच्या बाबतीत पालकांची चूक बहुधा उलट्या दिशेची असते. तिथे ओरडणं कमी आणि हळूच काढून घेणं जास्त. बारा-तेराव्या वर्षी पाळी सुरू होते, मैदानावर स्वच्छतागृह नसतं, उन्हात रंग उतरतो म्हणून आत्या बोलते, आणि आठवीत नाव कमी होतं. त्याआधी करण्यासारखं बरंच असतं: जवळच्या शाळेतल्या किंवा जिमखान्यातल्या स्वच्छतागृहाची परवानगी काढणं, चार मुलींच्या पालकांनी पाळीपाळीने सोबत जाणं, पांढऱ्या पँटऐवजी सरावाला गडद ट्रॅक पँट. सांगलीच्या स्मृती मानधनाच्या घरी कामांची वाटणी होती: वडील क्रिकेटचा कार्यक्रम बघत, आई आहार आणि कपडे, भाऊ नेटमध्ये गोलंदाजी करी. ती नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधराखालच्या आणि अकराव्या वर्षी एकोणिसाखालच्या संघात निवडली गेली.

आणि मुलगा किंवा मुलगी एक दिवस म्हणाली, "मला नाही खेळायचं"? लगेच हो म्हणू नका, लगेच भांडूही नका. हाताशी घेतलेली स्पर्धा संघासाठी पूर्ण करायला सांगा, मग दोन आठवडे किट कपाटावर ठेवा. त्या काळात शोधा की नेमकं काय सोडायचंय: खेळ, ती अकादमी, तो कोच, पहाटेची लोकल, की तुमचं सोबत येणं. यातल्या चार गोष्टी खेळ न सोडता बदलता येतात. पाचवी, म्हणजे खेळच नको असेल, तर पॅड आणि हेल्मेट अकादमीतल्या धाकट्या मुलाला मापाने बसतात का बघा. बॅट मात्र सहा महिने विकू नका, कारण यातली बरीच मुलं पुढे कॉलेजात टेनिस बॉलने खेळायला लागतात.